परवानगीची चौकट

ताईचा साखरपुडा झाला त्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या घरात कॉम्प्युटर आला. आणला अभिजितने, म्हणजे ताईच्या होणाऱ्या नवऱ्याने. कंपन्यांना कॉम्प्युटर बसवून देण्याचा त्याचा व्यवसाय होता. घोडबंदर रोडला तेव्हा नुकत्या उठू लागलेल्या नव्या इमारतींपैकी एकीत त्याचं घर होतं, आणि आमचं डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातल्या आतल्या खोलीत खिडकीखाली टेबल लावून त्याने दिवसभर खपून सगळं जोडलं. टेलिफोन बाहेरच्या खोलीत होता, तर तिथून आतपर्यंत करडी वायर आणताना भिंतीच्या कडेने एकेक बारीक खिळा त्याने स्वतःच्या हाताने ठोकला. आईने वालाचं बिरडं केलं होतं. ते त्याने दोनदा मागून घेतलं, ताट धुवायला उचललं, आणि आई त्याच्यावर जी खूश झाली ती झालीच. बाबा तेवढे गप्प होते. ते ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि फुकट आलेली कुठलीही वस्तू घरात शिरली की तिच्याकडे जरा तिरक्या नजरेने बघत. पण जावयाने मुलीला दिलेल्या भेटीला नको कसं म्हणणार?

त्या घराचे आवाज मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात. दुपारी आई भिजवलेले वाल सोलायला बसायची. बोटांच्या चिमटीतून डाळिंबी सुटून पातेल्यात पडली की एक बारीकसा ओला आवाज व्हायचा, आणि तासभर तोच चालू. खाडीकडून वारा आला की स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी वाजायची. त्यात हा नवा आवाज मिसळला, मोडेमचा. आधी नंबर फिरवल्याचे टिकटिक सूर, मग घशात काहीतरी अडकल्यासारखी खरखर, मग एक लांब किंकाळी, आणि एकदम शांतता. ती शांतता झाली की लाइन जोडली गेली असं समजायचं. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "कुणीतरी मरतंय की काय असं वाटतं गं." नंतर तिलाही सवय झाली.

ताईचं नाव माधवी. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. रसायनशास्त्रात एमएस्सी करून ती डोंबिवलीतल्याच रंगांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करायची. संध्याकाळी आली की तिच्या नखांच्या कडांना कधी पिवळा, कधी जांभळा रंग असायचा. ती फार बोलायची नाही, पण लिहायची. आधी वहीत लिहायची, आणि कपाट आवरता आवरता आई ती वही वाचायची. वाईट हेतूने नाही, पण वाचायची, आणि मग जेवताना एखादं वाक्य असं टाकायची की ताईचा घास हातातच राहायचा. म्हणून कॉम्प्युटर आल्यावर ताईला खरा आनंद कशाचा झाला असेल, तर पासवर्डचा. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, ती रोज अर्धा तास टाइप करायची. मला म्हणाली होती, "सुजू, आयुष्यात पहिल्यांदा मला दार लावता आलंय."

आणि त्याच सुमाराला अभिजितला सगळं कळायला लागलं.

सुरुवात छान होती, हे मला कबूल केलं पाहिजे. कारखान्यातले वरिष्ठ ताईला चारचौघांत टाकून बोलले. तिने घरी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अभिजितचा फोन: "कुणी काही बोललं तर मनावर घेऊ नकोस." तिला स्वप्न पडलं की आपण पाण्यावरून चालतोय आणि पाणी काचेचं आहे. रविवारी आला तो काचेचा कमळाकृती पेपरवेट घेऊन. आईचे तर डोळे भरून आले. "मनं जुळतात म्हणजे काय, हे असं," ती शेजारी सांगत सुटली. "लग्नाआधीच इतकं कळतं त्याला." आणखी एक गोष्ट व्हायची. आम्ही इंटरनेट बंद करून लाइन मोकळी केली की पाच मिनिटांच्या आत फोन वाजायचा आणि तो त्याचाच असायचा. आई हसायची. "बसलेलाच असतो बाई फोनपाशी!" ताईही हसायची, पण काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की लाइन बंद केल्यावर ती फोनकडे बघत बसते आणि तो वाजला की तिचे खांदे किंचित वर जातात.

एका दुपारी मी घरात जवळजवळ एकटी होते. आई बाहेरच्या खोलीत पडली होती. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मला काहीतरी शोधायचं होतं, म्हणून लाइन जोडली, पान उघडायला वेळ लागत होता म्हणून चहा करायला उठले. कप घेऊन परत आले तर पडद्यावरचा बाण हलत होता. मी दारातच उभी राहिले. बाण घाईत नव्हता. घरात नवीन आलेला माणूस जसा भिंतीवरचे फोटो बघत फिरतो, तसा तो एका खुणेवरून दुसरीवर थांबत थांबत चालला होता. ताईच्या कप्प्याचं चित्र होतं तिथे तो थांबला. कप्पा उघडला. आतल्या नावांवरून वरून खाली एकदा गेला आणि कप्पा मिटला. मग, माझ्यापासून चार पावलांवर, सीडीचा ट्रे आपोआप बाहेर आला. तसाच राहिला, जीभ काढल्यासारखा. मग तो सावकाश आत गेला.

आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर, या सगळ्या यंत्रांची सवय होऊनही, तो ट्रे आठवला की माझ्या मानेवर काटा येतो. कारण आता मला कळतं, तो ट्रे का उघडला असावा. खोलीत कुणी आहे का, हे बघायला. कुणी असतं तर हात लावून ट्रे बंद केला असता, आणि ते पलीकडे कळलं असतं.

ताईला सांगितलं. तिने फोनवर अभिजितला विचारलं. तो मनापासून हसला. "व्होल्टेज वरखाली होतं गं तुमच्याकडे. सुजूला सांग, भूत नाही त्यात." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण ताईने विचारलं होतं फक्त बाणाबद्दल. सुजू घाबरली, भुताचं म्हणाली, असं तिने सांगितलंच नव्हतं. ते तिने आदल्या संध्याकाळी टाइप केलं होतं.

तरीही आम्ही दोघींनी ते दोन तुकडे जोडले नाहीत. जोडले ते भारतीमावशीमुळे. ती खाडीकडच्या गावातली कोळीण, वर्षानुवर्षं आमच्याकडे मासे घालायची. त्या दिवशी आई पापलेटं निवडत होती आणि मावशी दारात टेकून आतल्या खोलीत बघत होती. मी टेबलापाशी बसून वही लिहीत होते. कॉम्प्युटर चालू, लाइन जोडलेली, पण मी त्याला हात लावला नव्हता.

"काय गो बाय," मावशी म्हणाली, "तुमचा यो डबा कोनाशी बोलतंय?"

"कुणाशी नाही मावशी. नुसता चालू आहे."

"नुसता कसा? कवाधरनं बगतंय मी. दिवं बग कसं लुकलुकतान. कोनाला तरी सांगतंय काय ता."

मोडेम म्हणजे डबीएवढी एक पेटी, तिच्या कपाळावर बारीक लाल दिव्यांची रांग. मी रोज बघायचे, पण त्यांच्याकडे नीट बघितलं नव्हतं. मावशी गेल्यावर खोक्यातलं माहितीपुस्तक काढलं. प्रत्येक दिव्याचा अर्थ दिला होता. एक दिवा बाहेरून माहिती आत येताना लागतो, त्याच्या शेजारचा आतून बाहेर जाताना. मी काहीही करत नसताना लुकलुकत होता तो बाहेर जाणारा. ओळीने, थोडं थांबून, परत ओळीने. वाचून दाखवणारा माणूस श्वास घ्यायला थांबतो ना, तसा.

पुढच्याच आठवड्यात नवरात्र होतं. अभिजित आम्हा दोघींना ठाण्यात टेंभी नाक्याला देवी बघायला घेऊन गेला. इतकी गर्दी की पाय आपले आपण उचलायला लागत नव्हते. दिव्यांच्या कमानी, ढोल, भाजलेल्या कणसांचा वास. देवीचं दर्शन झालं, आम्ही बाजूला येऊन उभे राहिलो, आणि अभिजित ताईच्या कानाशी वाकून, आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "पुण्यात एकटीला करमेल तुला?"

ताईने माझा दंड धरला. तिची नखं रुतली. संशोधनासाठी पुण्याला अर्ज करावा, लग्न वर्षभर पुढे ढकलावं, असं तिच्या मनात होतं हे मलासुद्धा माहीत नव्हतं. तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन दिवसांपूर्वी फक्त लिहिलं होतं.

"कोण म्हणालं पुणं?" तिने विचारलं.

"कुणी नाही." तो गोड हसला. "मला तुझ्या मनातलं कळतं, माहितेय ना?"

घरी येऊन कपडेही न बदलता आतल्या खोलीत गेली आणि मोडेमवर चादर टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सुजू, ते दिवे कसले होते म्हणालीस?"

स्टेशनाबाहेर पुस्तकांच्या स्टॉलवर कॉम्प्युटरची मासिकं मिळायची, प्रत्येकासोबत एक सीडी फुकट. एका सीडीत मला फायरवॉल नावाचा प्रोग्राम सापडला. बाहेरच्याला आत येऊ देत नाही अशी त्याची ख्याती होती, पण मासिकातल्या लेखात एक वाक्य होतं ते मी ताईला मोठ्याने वाचून दाखवलं: तुमच्या कॉम्प्युटरमधून बाहेर जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला हा अडवतो आणि आधी तुम्हाला विचारतो. शनिवारी दुपारी, ताई कामावरून लवकर आली तेव्हा, मी तो बसवला. आई वाल सोलत होती. लाइन जोडली. खरखर, किंकाळी, शांतता. आम्ही दोघी एका खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसून बघत होतो. पडद्यावर काही नव्हतं. मी कशालाही हात लावला नव्हता.

मग मधोमध एक चौकट उगवली. एका प्रोग्रामचं नाव, अगदी साधं, प्रिंटरचं काहीतरी असावं असं. आमच्याकडे प्रिंटर नव्हताच. त्याखाली प्रश्न: याला बाहेर जायचं आहे, जाऊ द्यायचं का? हो. नाही. आणि खाली एक रिकामा चौकोन: हे उत्तर कायमचं लक्षात ठेवू का?

मी 'नाही' दाबलं. चौकट गेली. अर्ध्या मिनिटाने परत आली. नाही. परत आली. त्या दुपारी मी अकरा वेळा 'नाही' म्हटलं, आणि दर वेळी ती त्याच जागी, त्याच शब्दांत, न रागावता परत आली. ताई उठून खिडकीशी गेली. "हे इतके महिने इथेच होतं," ती म्हणाली. "मी लिहायचे तेव्हा माझ्या शेजारी."

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, टेबलापाशी बसले आणि फायरवॉलने ठेवलेली नोंद वरपासून खालपर्यंत वाचली. कोणता प्रोग्राम, किती वाजता, कुठे जाऊ पाहत होता. एखाद्या नकाशातली चूक शोधावी तसं बोट ठेवून वाचली.

"पण हा अभिजितच कशावरून?" आई म्हणाली. "कुठलातरी व्हायरस असेल. पेपरात येतं ना? उगाच मुलाच्या नावाला बट्टा."

"खरं आहे," बाबा म्हणाले. "खात्री करून घेतली पाहिजे."

युक्ती ताईची. प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी ती, एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे तिला पक्कं ठाऊक. आमच्या घरी सोनचाफा येत नसे. ताईला त्या वासाने लहानपणापासून डोकं उठायचं, उलट्या व्हायच्या, आई देवालासुद्धा तो वाहायची नाही. ताईने टाइप केलं: आज रस्त्यात सोनचाफा विकायला होता. मला तो वास फार आवडतो, पण हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. मग मी लाइन जोडली. चौकट आली. ताईने माझा हात बाजूला केला आणि स्वतः 'हो' दाबलं. मोडेमचा तो दिवा दोन वेळा लुकलुकला आणि थांबला. बस, एवढंच. पत्र पेटीत पडताना निदान आवाज तरी होतो.

रविवारी बेल वाजली. दार आईने उघडलं. अभिजित आत यायच्या आधी वास आत आला. केळीच्या पानाच्या पुडीत सोनचाफा, पंचवीस-तीस फुलं, पिवळीधमक, ओली. त्याने ती ताईच्या हातात दिली आणि डोळे बारीक करून म्हणाला, "मला कसं कळलं विचार."

कुणीच विचारलं नाही. स्वयंपाकघरातली कडी वाजली. मी आईकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. ती रागावली नाही, रडलीही नाही. तिने माणूस चुकीचा ओळखला होता आणि तो आता तिच्या समोर चपला काढत होता. तिने ताईच्या हातातून पुडी घेतली, जिना उतरून खाली गेली आणि हात धुऊनच वर आली. अभिजितला वाटलं असावं, शेजारी दाखवायला नेली. तो बसला, चहा प्यायला, हवापाण्याचं बोलला. बाबा त्याच्यासमोर बसून एकटक त्याच्या हातांकडे बघत होते. तो गेल्यावर खोलीभर तो वास तसाच होता. ताई मोरीत ओकत होती आणि आई तिची पाठ चोळत म्हणत होती, "मी वाचायचे गं तुझी वही. मी वाचायचे." पुन्हा पुन्हा तेवढंच.

सोमवारी संध्याकाळी ताई टेबलापाशी बसली. आम्ही तिघं मागे उभे. तिने नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच इंग्रजी अक्षरांत लिहिलं: अभिजित, हे तू वाचतो आहेस हे मला माहीत आहे. हे लग्न होणार नाही. अंगठी बाबा तुझ्या घरी आणून देतील. यानंतर इथून तुला काही वाचायला मिळणार नाही. खाली नाव लिहिलं, पूर्ण. लाइन जोडली. चौकट आली, तिने 'हो' म्हटलं, दिवा लुकलुकला, आणि तिने स्वतः वायर काढून लाइन तोडली.

पाच मिनिटं गेली नसतील. फोन वाजायला लागला. आम्ही चौघं बाहेरच्या खोलीत उभे राहून त्याच्याकडे बघत होतो, जणू तो आत येऊ पाहतोय. वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. शेवटी बाबांनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला. पलीकडून कुणी बोलत नव्हतं. नुसता श्वास, बाबा नंतर म्हणाले. त्यांनी तो बराच वेळ ऐकला आणि म्हणाले, "इथे आता माधवीचे वडील बोलताहेत," आणि ठेवला.

पुढचं जसं व्हायचं तसं झालं. बाबा ठाण्याला जाऊन आले. त्याच्या आईवडिलांना आधी पटलं नाही, मग त्यांनी ती काळजीपोटी केलेली गोष्ट ठरवली. नातेवाइकांत दोन महिने कुजबुज झाली. अभिजित एकदा आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा दिसला, स्कूटरला टेकून, वर बघत. मग दिसला नाही. ताईने पुण्याला अर्ज केला, आणि तिला बोलावणं यायला मे महिना उजाडला.

तो चोरून पाठवणारा प्रोग्राम काढून टाकायला मला दहा मिनिटं लागली असती. मी तसं म्हणालेही. पण बाबा नको म्हणाले. माउसला तोवर कधी हात न लावलेले बाबा रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की हातपाय धुऊन आतल्या खोलीत जायचे. मी शिकवल्याप्रमाणे लाइन जोडायचे आणि मांडीवर हात ठेवून वाट बघायचे. खरखर, किंकाळी, शांतता. मग चौकट उगवायची. इतक्या आठवड्यांनंतरही, पलीकडे कुणी असो नसो, ते विचारायचं थांबलं नव्हतं. बाबा प्रश्न पूर्ण वाचायचे, बाण सावकाश नेऊन 'नाही' दाबायचे, लाइन बंद करायचे आणि मग चहाला यायचे.

"बाबा, खालच्या चौकोनात खूण करा," मी एकदा म्हटलं. "मग ते लक्षात ठेवतं. परत विचारणार नाही."

"विचारू दे," ते म्हणाले. "तिला न विचारता, एका बैठकीत लग्नाला 'हो' म्हणून आलो होतो मी. हे रोज म्हणू दे मला."

ताई पुण्याला गेली त्या दिवशीही, तिला पोचवून आल्यावर, ते आतल्या खोलीत गेले. मी दारातून बघितलं. चौकट आली होती आणि त्यांचं बोट माउसवर होतं.